घरमालकही पालिका, तपासनीसही पालिका

27 सप्टेंबर 2013 रोजी सकाळी मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि 61 माणसे गेली. मुंबईत इमारत पडली की म्हातारे बांधकाम, हात आखडता घेणारा मालक आणि गोठलेले भाडे, ही कारणे आपल्या तोंडी तयार असतात. इथे त्यातले एकही नीट लागू पडत नव्हते. इमारत जेमतेम तीस-बत्तीस वर्षांची होती. राहणारी कुटुंबे प्रामुख्याने महापालिकेच्या बाजार खात्यातील कर्मचाऱ्यांची होती आणि मालक खुद्द महापालिका. तळमजल्यावर भाड्याने दिलेल्या जागेत परवानगीविना तोडफोड केल्याचा आरोप झाला, भाडेकरूबरोबर पालिकेच्या काही अधिकाऱ्यांनाही अटक झाली. दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरवायचे. पण ज्या यंत्रणेने शहरातल्या मालकांना धोकादायक इमारतींच्या नोटिसा बजावायच्या, तीच मालक असेल तर नोटीस कोणी कोणाला द्यायची, हा प्रश्न त्या खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही.

खासगी जुन्या इमारतींसाठी मुंबईने या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर शोधले होते. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, मालकांना दुरुस्ती परवडेना किंवा करावीशी वाटेना आणि इमारती पडू लागल्या. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर 1969 मध्ये कायदा झाला. जुन्या शहरातील भाडेकरूंच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या निधीतून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ती योजना. आज हे मंडळ म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा भाग आहे. सुरुवातीला या योजनेत सुमारे 19,600 इमारती होत्या. मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी भरपूर आहेत. टेकू लावून वर्षानुवर्षे तसेच सोडलेले जिने मुंबईकराला नवे नाहीत. शिवाय दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा आहे. ती ओलांडली तर वरचा पैसा रहिवाशांनी घालायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. तरीही इथे मालक एक आणि दुरुस्ती करणारा दुसरा आहे. रहिवाशाला दाद मागायला दोन दरवाजे आहेत. पालिकेच्या भाडेकरूला एकच दरवाजा, आणि त्यामागे बसलेला माणूस एकाच वेळी मालक, तपासनीस, कंत्राट देणारा आणि अनेकदा त्याच्या खात्याचा साहेबही असतो. म्हणून सार्वजनिक घरांच्या देखभालीचा आढावा त्या घरांच्या मालकाने घेऊ नये आणि आढाव्याचा कागद आधी रहिवाशाच्या हाती पडावा, असे माझे मत आहे.

कायदा नाही, असे म्हणायला जागा नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेण्याची जबाबदारी मालक आणि वापरणाऱ्यांवर आहे. तपासणीनंतर इमारत सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2 म्हणजे मोठ्या दुरुस्तीची किंवा सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजीची ठरते. पावसाळ्याआधी सी-1 ची यादी जाहीर होते, आणि तिथेच बातमी संपते. खरा धोका मधल्या वर्गात दबा धरून असतो. तिथे लोक राहत असतात, दुरुस्ती 'प्रस्तावित' असते आणि गळतीचे पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचलेले असते. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. वर नुसता गिलावा मारला तर तडा झाकला जातो, सळई गंजतच राहते. त्यामुळे किती घरांना रंग दिला, किती तक्रारी 'निकाली' काढल्या, हे आकडे जवळजवळ निरुपयोगी आहेत. सी-2 ठरल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत किती महिने गेले, हा एक आकडा दर इमारतीमागे छापला, तर सगळा अहवाल त्यात आला.

तपासणी बाहेरच्याकडे सोपवता येते, याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. 2021 मध्ये चेन्नईच्या पुलियांतोप्पु भागातील सरकारी मंडळाच्या नव्याकोऱ्या घरांचा गिलावा हाताने निघू लागला, तेव्हा सरकारने तपासणी मद्रास आयआयटीकडे सोपवली. त्याच वर्षी 27 डिसेंबरला तिरुवोट्रियूरमध्ये मंडळाचीच 24 घरांची इमारत कोसळली. तडे पाहून रहिवासी आधीच बाहेर पडले होते, म्हणून जीवितहानी टळली. रहिवाशांची नजर हीसुद्धा तपासणीच असते, फक्त तिला कागदावर जागा नसते. यावर कोणी म्हणेल, बाहेरचा तपासनीसही कागदच रंगवेल. शंका रास्त आहे. त्याच राज्यात कुंभकोणमच्या शाळेला 16 जुलै 2004 रोजी आग लागून 94 मुले दगावली. शाळा मान्यताप्राप्त होती, छप्पर झावळ्यांचे होते, आणि सरकारी देखरेख मालकापासून वेगळी असूनही तिचा उपयोग झाला नाही. म्हणूनच तपासनीस वेगळा असणे पुरत नाही. त्याने काय लिहिले, हे त्या छपराखाली बसणाऱ्यांना वाचता आले पाहिजे.

पैशाचा आक्षेप मुंबईपुरता तरी टिकत नाही. पालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रहिवासी घर सोडत नाहीत, आतल्या भिंती स्वतःच पाडतात. हे खरे आहे आणि काही ठिकाणी घातकही. पण संक्रमण शिबिरात गेलेला माणूस परत कधी येईल हे लेखी मिळत नसेल, तर त्याच्या हट्टाला भीती म्हणावे लागते. तिसरे उत्तर प्रशासनाचे आवडते: दुरुस्ती कशाला, पुनर्विकासच करू. बीडीडी चाळींकडे पाहावे. चार ठिकाणच्या 207 चाळी, मालक राज्य सरकार. भूमिपूजन 2017 मध्ये झाले आणि वरळीतल्या पहिल्या 556 घरांचा ताबा ऑगस्ट 2025 मध्ये मिळाला. मधल्या आठ वर्षांत बाकीच्या चाळींतले लोक त्याच जिन्यांवरून ये-जा करत होते. पुनर्विकासाची घोषणा झाली की देखभाल थांबवायची, ही पद्धत मला सर्वांत धोकादायक वाटते.

पालिकेच्या किंवा सरकारच्या घरात राहणाऱ्यांनी आपल्या इमारतीचा संरचनात्मक अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागावा. त्या कायद्यात उत्तराची मुदत एरवी 30 दिवसांची आहे. माहिती माणसाच्या जीविताशी निगडित असेल तर मात्र ती 48 तासांत द्यावी लागते, आणि तसे अर्जातच स्पष्ट लिहावे.