वर्गातील जागेचे वाटप

जूनच्या मध्यास प्राथमिक शाळांची दारे उघडतात आणि बहुधा त्याच सुमारास आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते. एवढा अफाट समुदाय त्या रस्त्याने शिस्तीने पुढे सरकतो, याचे कारण साधे आहे. रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि प्रत्येक वारकऱ्यास आपली जागा ठाऊक असते. त्याच रस्त्यालगतच्या वस्तीतील मूल शाळेत पहिले पाऊल टाकते, तेव्हा मात्र त्याने कोठे बसावे याचा विचार फारसा कोणी केलेला नसतो.

कायद्याने खोल्या मोजल्या आहेत. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य देण्याचे ठरविले. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली असा दंडक घातला. परंतु त्या खोलीच्या चार भिंतींच्या आत जागेचे वाटप कसे व्हावे, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते काम शिक्षकाचेच आहे.

अर्थशास्त्र हे दुर्मीळ वस्तूंच्या वाटपाचे शास्त्र मानले जाते. वर्गातील दुर्मीळ वस्तू दोन: जागा आणि शिक्षकाचे लक्ष. वीस फूट लांब व वीस फूट रुंद खोलीत चाळीस मुले बसविली, तर प्रत्येकाच्या वाट्यास दहा चौरस फूट येतात. शिक्षकाचे टेबल, कपाट आणि दाराची वाट वजा जाता तेवढेही उरत नाहीत. बाकांच्या रांगा लावल्या की शिक्षकाचे लक्ष पुढच्या दोन-तीन रांगांवर खर्च होते आणि मागे उरते ती शिल्लक. त्या शिल्लकीचा धनी कोण? उंच मुलांना मागे बसविण्यास कोणाची हरकत नसावी. पण कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबातील मूल वर्षाच्या मध्यावर दाखल होते. त्याला वर्गाची भाषा नीट समजत नाही आणि जागा मिळते ती उरलेली, म्हणजे शेवटची. गरज सर्वांत अधिक, वाटा सर्वांत कमी, असा हा व्यवहार आहे.

यावरील उपाय महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाडला इमारतीची वाट पाहिली नाही. अंगण हाच त्यांचा वर्ग झाला आणि खडे, बिया, पाने हेच साहित्य. अलीकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी फरशीवर आकृत्या रेखाटल्या, मुलांच्या उंचीवर फळे केले आणि मुलांना गटागटाने बसविले. शिक्षक एका जागी उभा न राहता गटांमधून फिरू लागला, की मागची रांगच नाहीशी होते.

तथापि अनुकरणात एक धोका असतो. रंगावरील खर्च दाखविता येतो, फिरणाऱ्या शिक्षकाचे श्रम दाखविता येत नाहीत. म्हणून फरशी रंगते आणि पद्धत जुनीच राहते. दुसरे असे की, मूल जमिनीवर बसलेले अनेक पालकांना आवडत नाही. या भावनेस अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना तसे बसविले गेले, त्यांच्या दृष्टीने बाक हा केवळ लाकडाचा तुकडा नव्हे. तेव्हा जमिनीवर बसावयाचे तर सर्वांनीच बसावे, शिक्षकानेही. आणि त्यामागील हेतू पालकांना बोलावून समजावून द्यावा.

जेथे एकाच इमारतीत सकाळी एक व दुपारी दुसरी शाळा भरते, तेथे आणखी एक अडचण येते. सकाळी भिंतीवर लावलेला तक्ता दुपारी फाटतो आणि मग दोन्ही बाजू तक्ते लावणेच सोडून देतात. सामायिक वस्तूची निगा कोणीच राखत नाही, हा जुना अनुभव आहे. दोन्ही सत्रांच्या शिक्षकांनी एकत्र बसून भिंती वाटून घ्याव्यात आणि प्रत्येकास कुलपाचे एक कपाट मिळावे, एवढ्याने बरेच साधेल. दर सोमवारी रांगा एकेक पाऊल पुढे सरकवून पहिली रांग मागे नेण्यास तर एक पैसाही लागत नाही.

ज्या मुलाच्या घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे झोपतात, त्याला जगात स्वतःची म्हणता येईल अशी पहिली जागा शाळेतच मिळते. दिंडीतील क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, ती त्या परंपरेची शोभा आहे. वर्गातील शेवटचा क्रमांक मात्र आठवडाभरापेक्षा अधिक काळ कोणाच्याही वाट्यास राहता कामा नये.