श्रेयनामावलीतून गळालेली गावे

मराठी माणसाने घडवलेल्या चित्रपटाचा मागोवा घेणारे लेखन बहुधा कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन शहरांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे; कारण बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात उभी राहिली, प्रभात फिल्म कंपनी तेथेच 1929 मध्ये स्थापन होऊन पुढे 1933 मध्ये पुण्यास आली, आणि भांडवल, वितरण व चित्रगृहे यांचा व्यवहार मूकपटाच्या काळापासूनच मुंबईत एकवटला. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीला या नकाशात जागा मिळत नाही. 1981 पर्यंत कुलाबा आणि त्यानंतर रायगड या नावाने ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्यात त्या काळी नाव घेण्याजोगा स्टुडिओ नव्हता, कर्जतचा एन. डी. स्टुडिओ फार नंतरचा, आणि तोही किनाऱ्यापासून दूर डोंगराच्या पायथ्याशी. तरीही भारतीय बोलपटाच्या अगदी पहिल्या पानापासून या किनाऱ्याचा संबंध येतो. तो इमारतींतून वा चित्रीकरणस्थळांतून शोधावा लागत नाही, आडनावांतून शोधावा लागतो, आणि अडचण अशी की नेमकी तीच आडनावे पडद्यावर लिहिली गेली नाहीत.

ही आडनावे बेने इस्राएल समाजाची आहेत. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे हे नाव होय. या समाजाच्या परंपरागत कथेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यालगत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावातच पुरण्यात आले. या कथेचा काळ अभ्यासकांमध्ये वादाचा असला, तरी पुढील जीवनक्रमाविषयी फारसे दुमत नाही. या कुटुंबांनी खेडोपाडी तेलाचे घाणे चालवले, आणि शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळून शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव घेण्याची कोकणी रीत त्यांनीही उचलली. किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर आणि चेऊलचे, म्हणजे आजच्या चौलचे, चेऊलकर. समाजातील आडनावांची नुसती यादी समोर ठेवली तरी कुलाबा जिल्ह्यातील गावांची उजळणी होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कुटुंबे कंपनी सरकारच्या पलटणींत आणि पुढे गोदी, रेल्वे व कचेऱ्यांत नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागली. कंपनीच्या सैन्यात अंमलदार असलेले सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, हे या स्थलांतराचे सर्वांत जुने दगडी चिन्ह. मुंबईत शिक्षण मिळाले, इंग्रजी आली, हिंदुस्तानी आणि गुजराती कानावर पडू लागली, आणि एखाद्या हुशार मुलाला नाटक कंपनीचा रस्ता दिसू लागला. त्या रस्त्याने गेलेल्यांपैकी एक जोसेफ डेव्हिड पेणकर.

पेणकर हे पारशी रंगभूमीचे नाटककार होते. पारशी रंगभूमी म्हणजे पारशी मालकांनी एकोणिसाव्या शतकात उभ्या केलेल्या व्यावसायिक नाटक कंपन्यांची परंपरा. तिची भाषा गुजराती, उर्दू आणि हिंदुस्तानी अशी मिसळलेली असे, कथा राजेराण्यांच्या व शापवचनांच्या असत, आणि दर थोड्या वेळाने गाणे येई. अर्देशीर इराणी यांनी इम्पीरियल फिल्म कंपनीतर्फे पहिला भारतीय बोलपट काढण्याचे ठरवले तेव्हा त्यांनी कथा उचलली ती पेणकर यांच्याच नाटकाची. या निवडीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मूकपटाला संवादलेखक लागत नसे. प्रसंगांच्या मधून दाखवल्या जाणाऱ्या अक्षरांच्या पाट्यांवर काम भागे. बोलपट आला आणि एका रात्रीत अशा माणसाची गरज पडली की ज्याला तोंडी वाक्याचे वजन कळते, गाणे कोठे घालावे हे कळते, आणि चार आण्यांचे तिकीट काढलेला प्रेक्षक कोठे कंटाळतो हेही कळते. असा माणूस चित्रपटसृष्टीत नव्हता. तो रंगभूमीवरच होता. हिंदी चित्रपटाला गाण्यांची सवय का लागली याची अनेक विद्वत्तापूर्ण उत्तरे दिली गेली आहेत, परंतु पहिल्या बोलपटाची कथा नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातून निघाली होती, हे सर्वांत साधे उत्तर पुष्कळदा मागे पडते.

'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. कुमारपूरच्या राजाच्या दोन राण्या, दिलबहार आणि नवबहार, यांच्यातील वैर, निष्ठावान सेनापतीला झालेला कारावास, आणि भटक्यांमध्ये वाढलेल्या त्याच्या मुलीवर जडलेले राजपुत्राचे प्रेम, असे त्याचे कथानक होते. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा प्रमुख भूमिकांत होते, पृथ्वीराज कपूरही होते, आणि चित्रपटात सात गाणी होती. स्टुडिओजवळून रेल्वेचा मार्ग जात असल्याने गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, म्हणजे मध्यरात्रीनंतर, चित्रीकरण करावे लागे, आणि ध्वनिग्राहक नटांच्या आसपास दडवून ठेवावे लागत. पुढे आवाज वेगळा मुद्रित करण्याची सोय झाली, तशी ती तेव्हा नव्हती, संवाद आणि गाणे जागच्या जागी टिपले जाई. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे आणि जाहिरातीचे साहित्य उरले आहे; पेणकर यांचे शब्द प्रत्यक्ष कसे ऐकू येत होते हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. त्यांच्या नावाचा उल्लेखही बहुधा 'जोसेफ डेव्हिड' एवढाच केला जातो, आणि पेण तेवढे बाहेर राहते.

येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे, कारण चित्रपटविषयक लेखनात तो सर्रास पुसला जातो. मूकपटाच्या काळातील सर्वांत गाजलेली तारका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, आणि पुढे 'आन' (1952) व 'श्री 420' (1955) या चित्रपटांतून प्रसिद्धीस आलेल्या नादिरा, म्हणजे फ्लोरेन्स एझिकेल, या दोघीही ज्यू होत्या. परंतु त्यांची कुटुंबे बगदादी, म्हणजे इराक व आसपासच्या प्रदेशांतून व्यापाराच्या निमित्ताने भारतात आलेल्या ज्यूंपैकी. त्यांचा कोकणाशी संबंध नाही. 'ज्यू कलावंत' या एकाच मथळ्याखाली सर्वांना बसवले की पेण, चौल आणि नवगाव यांची मराठी कहाणी त्या मथळ्याखाली दबून जाते.

ही कहाणी ज्यांच्या चेहऱ्यात सर्वाधिक काळ प्रेक्षकांसमोर राहिली ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. त्यांचा जन्म 1909 मध्ये ठाण्यात झाला, मुंबईत त्यांनी पदवी घेतली, कायद्याचेही शिक्षण घेतले, आणि 1937 मध्ये 'झांबो' या चित्रपटातून ते पडद्यावर आले. ठेंगणी मूर्ती, टक्कल आणि स्पष्ट उच्चार असलेला हा नट नायक होणार नव्हता हे उघड होते. ते चरित्र अभिनेते झाले. नायक-नायिकेभोवतीचे काका, डॉक्टर, शेजारी, वडीलधारे अशी पात्रे उभी करणाऱ्या नटाला चित्रपटाच्या व्यवहारात चरित्र अभिनेता म्हणतात. ही जात कथेला माणसांत आणून बसवते, परंतु पोस्टरवर कोपऱ्यात राहते. डेव्हिड यांचे वैशिष्ट्य असे की 'बूट पॉलिश' (1954) या चित्रपटात हा कोपरा मध्यभागी आला. राज कपूर यांची निर्मिती आणि प्रकाश अरोरा यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटात भीक मागायला लावलेल्या भावंडांना कष्टाने जगायला शिकवणारा जॉन चाचा त्यांनी साकारला. हा चाचा चोरटी दारू विकतो, आणि मुलांना मात्र हात पसरू नका म्हणून सांगतो. त्याला अटक होते, आणि तुरुंगात इतर कैद्यांसह तो पावसाला साद घालणारे गाणे म्हणतो. अडाणा रागातील हे गाणे मन्ना डे यांनी सर्व शास्त्रीय गांभीर्याने गायले आहे; डेव्हिड त्याच गांभीर्याने आपल्या टकलाची थट्टा करतात, आणि दोन्ही गांभीर्ये एकमेकांवर आपटून विनोद निर्माण होतो. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 1969 मध्ये ते पद्मश्री झाले.

त्यांच्या पुढील भूमिका एकापुढे एक मांडल्या तर वेगळीच गोष्ट लक्षात येते. 'चुपके चुपके'मध्ये (1975) ते हरिपद भैया आहेत, 'गोलमाल'मध्ये (1979) केदारमामा आहेत, आणि त्याच वर्षीच्या 'बातों बातों में' या चित्रपटात ख्रिस्ती मोहल्ल्यातील अंकल टॉम आहेत. हा नट कोणत्याही समाजात सहज मिसळून जाई. मात्र शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या कोकणी ज्यूचे पात्र हिंदी पडद्याने फारसे रंगवलेच नाही. पडद्यावर ज्यू आला तो बिमल रॉय यांच्या 'यहुदी' (1958) या चित्रपटात, प्राचीन रोमच्या काळातला, झगा घातलेला. तीही कथा पारशी रंगभूमीवरील आगा हश्र कश्मीरी यांच्या नाटकावर आधारलेली. खरा बेने इस्राएल नट त्याच पडद्यावर जॉन, टॉम आणि हरिपद म्हणून वावरत राहिला.

श्रेयनामावलीत, म्हणजे चित्रपटाच्या आरंभी झळकणाऱ्या नावांच्या यादीत, ते नुसते 'डेव्हिड' असत. गावाचे नाव सांभाळूनही प्रसिद्ध होता येत होते, याचे उलट उदाहरण त्याच काळात होते. दीनानाथांनी गोव्यातील मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव मुद्दाम धारण केले आणि त्यांच्या मुलींनी ते घराघरांत पोहोचवले. भालजींचे पेंढारकरही टिकले. चेऊलकर गळाले, याचा दोष कोणा एकाला देता येणार नाही: एकशब्दी नाव लक्षात राहते हा धंद्यातला हिशेब होता, आणि 'डेव्हिड' हे नाव इतके वेगळे होते की पुढे काही जोडण्याची गरजच भासली नाही. डेव्हिड आयुष्याच्या अखेरीस कॅनडात गेले आणि टोरंटोत निवर्तले.

आडनावाचा याच्या नेमका उलट प्रवास दुर्गा खोटे यांच्या बाबतीत दिसतो, आणि त्याचा शेवट याच किनाऱ्यावर होतो. मुंबईच्या लाड घराण्यात 1905 मध्ये जन्मलेल्या दुर्गाबाईंनी 1931 मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटात काम केले, तेव्हा प्रतिष्ठित घरातील शिकलेली स्त्री पडद्यावर आली याच गोष्टीचे भांडवल झाले आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'तील (1932) तारामतीने ती टीका मागे पडली. लहान वयात वैधव्य आलेल्या, दोन मुलांची जबाबदारी असलेल्या या स्त्रीने सासरचे नाव शेवटपर्यंत ठेवले, आणि आत्मचरित्रालाही 'मी, दुर्गा खोटे' असेच शीर्षक दिले. त्यांच्या भूमिकांपैकी किनाऱ्याच्या दृष्टीने लक्षणीय ठरते ती 'अमर ज्योती'मधील (1936) सौदामिनी. स्वतःच्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्याने चाचेगिरी पत्करणारी, मंत्र्याला पकडून त्याचा पाय तोडणारी ही राणी व्ही. शांताराम यांनी उभी केली, आणि समुद्रापासून दूर पुण्यात वसलेल्या कंपनीने केलेला हा सागरी चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या दुर्गाबाई उत्तरायुष्यात अलिबागला राहिल्या. इंग्रजांनी ज्यांना चाचा ठरवले त्या कान्होजी आंग्र्यांची समाधी याच गावात आहे, आणि समोर पाण्यात कुलाबा किल्ला. 22 सप्टेंबर 1991 रोजी अलिबागलाच त्यांचे निधन झाले.

त्याच अलिबागेत मागेन अवोत हे 1848 चे सिनेगॉग आहे, आणि ज्या आळीत ते आहे तिला इस्राएल आळी म्हणतात; इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, आळीचे नाव राहिले. तेथून दक्षिणेकडे जाणारा रस्ता आक्षी आणि नागाव मागे टाकत नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चौलला पोहोचतो.