पासिंगचा दिवस आणि उरलेले वर्ष

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात घड शेतातून निघतो तो बहुतेक वेळा पिकअपमधूनच. जामनेर-बोदवडची कपाशी जिनिंगपर्यंत, साक्रीचा कांदा मार्केटपर्यंत, खेड्यातला भाजीपाला पहाटेच्या अंधारात धुळे-जळगावच्या बाजारापर्यंत पोहोचवते तीही पिकअपच. एवढ्या मालासाठी मोठा ट्रक परवडत नाही आणि बैलगाडीने वेळ गाठता येत नाही. ही मधली जागा टाटाच्या २०७ने आणि महिंद्राच्या पिकअपने धरली. २००५ साली आलेल्या टाटा एसने, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीने, तिच्यातला हलका वाटा उचलला. आज एमएच-१८ आणि एमएच-१९च्या पाट्या लावून फिरणाऱ्या कित्येक पिकअप दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. एका गाडीवर एक घर चालते, आणि त्या घराच्या वर्षाची एक तारीख ठरलेली असते: पासिंगची, म्हणजे गाडीच्या योग्यता तपासणीची.

मालवाहू गाडीला पंधरा वर्षांची एकदाच मिळणारी मुदत नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५६ सांगते की योग्यता प्रमाणपत्र नसेल तर अशा गाडीची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. नवी गाडी पहिली दोन वर्षे मोकळी असते. २०१८च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे जुन्या पिकअपची ही वार्षिक परीक्षा आहे. ती चुकली तर रस्त्यावर दंड होतोच, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो याच कागदाचा.

जुनी पिकअप या परीक्षेत कितपत भरवशाने पास होते? यंत्र म्हणून पाहिले तर उत्तर तिच्या बाजूचे आहे. शिडीसारखी लोखंडी चासी, मागे पाटे, मागच्या चाकांना ओढ, साधे डिझेल इंजिन. २०१७ पूर्वीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स बेताचेच. जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या आसपासचा कोणताही जाणता मेस्त्री ती उघडून पुन्हा बसवू शकतो आणि सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो. चासी गंजली नसेल, वाकली नसेल, तर वयामुळे नापास व्हावे असे तिच्यात फारसे काही नाही. खान्देशच्या कोरड्या हवेत लोखंडही कोकणापेक्षा जास्त टिकते. पंधरा वर्षांची, पण नीट राखलेली पिकअप पाच वर्षांच्या, पण पिळून काढलेल्या पिकअपपेक्षा चांगली असू शकते. गॅरेजवाल्याला हे सांगावे लागत नाही.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा स्वस्त आणि दुर्लक्षित जागी. अशा जागांच्या यादीत हँडब्रेक वर येतो. आपला मुलूख सपाट, त्यामुळे तो ओढण्याची सवयच नसते. गाडी उतारावर लावली की चाकाखाली दगड ठेवायचा. वर्षभर न हललेली केबल काळ्या मातीच्या चिखलाने जाम होते. मागच्या ड्रममध्ये धूळ साचते, लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ओढलेला हँडब्रेक काहीच धरत नाही. त्यानंतर हेडलाइटचा झोत, स्टिअरिंगमधला ढिलेपणा, टायरॉडचे झिजलेले टोक आणि गोटा झालेले टायर. नियमाने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी परावर्तक पट्टी लागते. आपल्याकडे सगळे तिला रेडियम म्हणतात, आणि फाळक्यावर माल घासून ती वर्षभरात निघून गेलेली असते. धुराची तपासणी वेगळी: बीएस-४ आधीच्या डिझेल गाडीला धुराच्या घनतेची मर्यादा ६५ एककांची, बीएस-४ गाडीला ५०ची. नोजल आणि पंप नीट असतील तर जुनी गाडी यात पास होते. काळा धूर ओकणारी गाडी बहुतेकदा म्हातारी नसते, तिची निगा राखलेली नसते एवढेच.

म्हणून पासिंगच्या आधीचा आठवडा गॅरेजमध्ये जातो. ब्रेक उघडतात, बल्ब बदलतात, रेडियम चिकटवतात, हौद्याला रंगाचा हात मारतात. टायर बरे नसतील तर काही जण दुसऱ्या गाडीचे चढवतात आणि काम झाले की परत काढतात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि यावर कोणी बोलत नाही. यात मालकाला एकट्याला दोषी धरणे मला पटत नाही. परीक्षा एका दिवसाची ठेवली की तयारीही त्या दिवसापुरतीच होते.

ही परीक्षा कशी घेतली जात होती, हा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेला. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यांचे म्हणणे असे की आरटीओत मालवाहू आणि प्रवासी गाड्यांना प्रत्यक्ष चाचणी न घेताच प्रमाणपत्रे दिली जातात. ब्रेक तपासायला गाडी पळवून थांबवावी लागते आणि त्यासाठी कार्यालयाकडे २५० मीटरचा सरळ चाचणी मार्ग हवा. कित्येक ठिकाणी तो नव्हताच. न्यायालयाने मुदती दिल्या, त्या उलटल्या, आणि शेवटी १ नोव्हेंबर २०१७पासून असा मार्ग नसलेल्या कार्यालयांतली तपासणी थांबवावी लागली. पुढच्या वर्षी नियम धाब्यावर बसवून प्रमाणपत्रे दिल्याबद्दल राज्यभरातल्या ३७ मोटार वाहन निरीक्षकांना निलंबित करण्यात आले. एका चिकाटीच्या नागरिकाने एवढे घडवले. आज निरीक्षक मोबाइल ॲपवर जागेवरच गाडीचे फोटो घेतो, त्याच्या मुळाशीही हाच दबाव आहे असे मला वाटते.

२५० मीटरच्या मार्गाने तपासणीला पाया मिळाला, हे खरे. पण त्या मार्गावर येणारी पिकअप रिकामी असते, आणि खरी गोम इथेच आहे.

दीड टनाच्या आसपास क्षमता असलेल्या गाडीत अडीच-तीन टन भरणे आपल्याकडे नवलाचे नाही. त्यासाठी मागे जादा पाटे चढवतात. गाडी बसत नाही, मालक खूश. पण पाट्यांसोबत ब्रेकचे गणित बदलते. काही पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाटे किती दबले त्यावरून तो वजन ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब सोडतो. पाटे ताठ केले की माल भरूनही ते दबत नाहीत. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. म्हणजे ज्या दिवशी जास्त ब्रेक हवा, नेमका त्याच दिवशी तो कमी. रिकाम्या गाडीच्या चाचणीत यातले काही दिसत नाही. हेडलाइटचेही तसेच: पाटे साधे ठेवून क्षमतेपेक्षा जास्त भरले की मागची बाजू बसते, झोत वर उचलला जातो आणि समोरून येणारा मोटारसायकलवाला आंधळा होतो.

उष्णता ही दुसरी गोष्ट. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपार जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे, ओल शोषलेल्या तेलासाठी तोच निकष १४० अंशांवर येतो. खान्देशच्या मैदानात याने बिघडत नाही. पण इथल्या गाड्या मैदानातच राहत नाहीत. चाळीसगावहून कन्नडचा घाट, आग्रा रोडवर बिजासन, नवापूरकडे चरणमाळ, वर तोरणमाळ. कन्नडच्या औट्रम घाटात २०२३मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी झाली, पिकअप मात्र तिथून जातेच. भरलेल्या गाडीने उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तेलाची वाफ होते आणि पेडल तळाला जाते. दोन-तीन वर्षे न बदललेले तेल पासिंगच्या मैदानावर निमूट राहते आणि घाटात दगा देते. तेल बदलायचा खर्च काही शे रुपये.

या मुलखाने किंमत मोजलेली आहे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ आग्रा महामार्गावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, वाटेतल्या गाड्यांना धडकत तो हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. त्याआधी फेब्रुवारी २०२१मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेली गाडी रात्री उलटली आणि तिच्यातून रावेरकडे परतणारे पंधरा मजूर गेले. यांतली कोणतीच पिकअप नव्हती, आणि दोन्ही अपघातांची कारणेही एकसारखी नाहीत. पण मालाच्या गाडीतून माणसे नेणे आणि तिच्या ब्रेककडे वर्षभर न पाहणे हे आपण दररोज करतो, म्हणून ही नावे इथे घेतली.

जुन्या गाड्यांबाबत सरकारने दोन उपाय धरले आहेत. एक शुल्काचा. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या हलक्या मालवाहू गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क ७,५०० रुपये झाले आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ते वयाच्या टप्प्यांनुसार पुन्हा वाढले. मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपयांच्या जादा आकारणीवरून २०२४मध्ये राज्यभर चालकांनी आंदोलने केली आणि जुलैमध्ये राज्य सरकारने तिला स्थगिती दिली. महाग शुल्काने जुन्या गाड्या कमी होतील हा हिशेब मला अपुरा वाटतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो गाडी भंगारात काढत नाही, पासिंग लांबवतो आणि आडरस्त्याने चालवतो. शुल्कात गेलेले पैसे त्याच्या ब्रेकवर खर्च झाले असते तर रस्ता जास्त सुरक्षित झाला असता.

दुसरा उपाय यंत्राचा, आणि तो मला मनापासून मान्य आहे. २०२१च्या सप्टेंबरमध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. त्याच वर्षी १३ ऑगस्टला जाहीर झालेल्या भंगार धोरणाचाही आधार हाच: खासगी मालकाची गाडी वयावरून नाही, चाचणीत बसते की नाही यावरून ठरवायची. नाशिकला पेठ रोडवर असे केंद्र आधीपासून आहे. तिथे चाके फिरत्या रोलरवर उभी राहतात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो. डावे चाक जास्त धरते की उजवे, हे मैदानावर कळले नाही तरी रोलरवर लपत नाही. हेडलाइटचा कोन, सांध्यांतला ढिलेपणा, धूर, हँडब्रेक सगळ्याचे आकडे निघतात. तिथे ओळख चालत नाही, एजंट चालत नाही. नापास झालात तर दुरुस्ती करून फेरचाचणी, तिथेही नापास तर गाडीचे आयुष्य संपल्याचे जाहीर करण्याची तरतूद. प्रामाणिक मालकाला या केंद्राची भीती वाटायचे कारण नाही. उलट त्याने वर्षभर केलेल्या निगेचा हिशेब पहिल्यांदाच कोणीतरी मांडून दाखवते.

आता जे नाही त्याबद्दल. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीचे निकाल गाडीच्या मॉडेलसह सर्वांना पाहता येतात. जर्मनीत तपासणी संस्था दरवर्षी अहवाल काढते आणि कोणत्या वयाची कोणती गाडी कशात नापास होते ते छापते. जुनी गाडी घेणारा तो आकडा बघून घेतो. आपल्याकडे धरणगाव, पारोळा किंवा पिंपळनेरचा तरुण कर्ज काढून दहा वर्षांची पिकअप घेतो तेव्हा त्याच्यासमोर फक्त दलालाचा शब्द आणि ताजा रंग असतो. तपासणीची नोंद आता संगणकावरच होते. गाडीचे मॉडेल, वय, जिल्हा आणि नापास होण्याचे कारण एवढे चार रकाने, मालकाचे नाव वगळून, दरवर्षी खुले करायला नवा कायदा लागणार नाही. माझी परिवहन विभागाकडे मागणी आहे की धुळे, जळगाव आणि नव्याने एमएच-५२ मिळालेल्या चाळीसगावपासून ही सुरुवात करावी. केळीच्या भावाचा फलक रोज लागतो, गाडीच्या ब्रेकचाही वर्षातून एकदा लागावा.

आणि पिकअपवाल्या भावांनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. पासिंगची वाट पाहू नका. मे महिना लागण्याआधी ब्रेक ऑइल बदला, जादा पाटा काढा आणि माल भरलेल्या गाडीचा हँडब्रेक एखाद्या उतारावर ओढून बघा. धरत नसेल तर त्याच दिवशी केबल टाका.