करंजाचा साबण: साच्याआधी लेबलचा विचार करा

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या जोडीला काय करता येईल, असं तुम्ही नेहमी विचारता. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पडलेल्या करंजाच्या शेंगा कधी उचलून बघितल्यात का? आपल्या कारंजा शहराचं नावच करंज ऋषींवरून आलं अशी आख्यायिका आहे, तरी या बियांकडे कोणी ढुंकून बघत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. खरूज-नायट्याला करंजाचं तेल, दिव्यालाही तेच, दात घासायला काडी. खायला मात्र हे तेल अजिबात चालत नाही. त्यात करंजिन आणि पोंगॅमॉल ही द्रव्यं असतात. पोंगॅमॉल उन्हातली अतिनील किरणं शोषून घेतं, म्हणून सौंदर्यप्रसाधनवाल्यांचं त्याच्यावर लक्ष आहे. पण लगेच सनस्क्रीन बनवायला धावू नका. ते प्रयोगशाळेचं, चाचण्यांचं काम. आपल्या भांडवलात बसतो तो साबण.

आता हिशोब बघा. घाण्यावर साधारण चार किलो बियांतून एक किलो तेल निघतं. वास उग्र, रंग पिवळट-तपकिरी, त्यामुळे निव्वळ करंजाचा साबण कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही. खोबरेल आणि इतर तेलांत दहा टक्के करंज घाला. म्हणजे एका किलोत दहा किलो तेलाचं मिश्रण, आणि त्यातून शंभर ग्रॅमच्या शंभरावर वड्या. कॉस्टिक सोडा प्रत्येक तेलाला वेगळा लागतो, तो अंदाजाने टाकायचा नाही. आणि वडी चार आठवडे तरी वाळू द्या, घाई नको.

खरी गोम पुढे आहे. विक्रीसाठी साबण बनवायला सौंदर्यप्रसाधने नियम 2020 प्रमाणे परवाना लागतो; राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. बचत गट आहे म्हणून सूट नाही. दुसरं, वेष्टनावर ‘खरूज बरी होते’ असं छापलंत की तुमचा माल सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरतो. मग परवाना वेगळा, आणि कारवाई झाली तर सगळा माल अडकतो! ‘करंज तेलयुक्त आंघोळीचा साबण’ एवढंच लिहा. गिऱ्हाइकाला आजीचा उपाय आठवतोच हो, तुम्ही छापायची गरज नाही.

चार किलो बियांमागे जवळपास तीन किलो पेंड उरते, तीही फेकू नका. संत्र्याच्या बागेत खत म्हणून चालते, शेजाऱ्याला विकलीत तरी घाण्याचा खर्च थोडा हलका होईल. गुरांपुढे तेवढी टाकू नका.