तीन मक्ते आणि एक गोळी
(लेखांक नववा)

हृद्रोगावरील ‘पॉलिपिल’ या अनेक औषधांच्या एकत्र गोळीकडे आज वळण्याचे मी कबूल केले होते, परंतु गेल्या लेखांकातील ट्रायोम्यून या तशाच गोळीचा उल्लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचकांनी अशी पृच्छा केली आहे की, एचआयव्हीवरील स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरापीन ही तीन औषधे ज्या बलाढ्य कंपन्या विकीत होत्या त्यांना ती एकाच गोळीत घालण्याची बुद्धी का झाली नाही, आणि २००१ साली ती मुंबईच्या सिप्लाला कशी झाली? हा प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा आहे की, वायदा एक आठवडा लांबवून आजची जागा मी त्यालाच देतो.

अडचण मालकीची होती. पहिल्या औषधाचा मक्ता ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे, दुसऱ्याचा ग्लॅक्सोकडे आणि तिसऱ्याचा जर्मनीतील बोहरिंगर इंगलहाइमकडे. अशा तीन प्रतिस्पर्ध्यांनी एका गोळीत नांदावयाचे म्हणजे किंमत, नफा आणि जबाबदारी यांच्या वाटणीचे करारनामे आले. आपल्याकडील १९७०चा पेटंट कायदा मात्र औषधाच्या बाबतीत पदार्थावर मक्ता न देता तो बनविण्याच्या रीतीपुरताच देत असे, त्यामुळे निराळ्या रीतीने तोच पदार्थ करणाऱ्यास हरकत घेण्याचा अधिकार कोणास नव्हता. १ जानेवारी २००५पासून पदार्थावरील पेटंट पुन्हा सुरू झाले. युसुफ हमीद यांच्या सिप्लाने ही त्रयी एकत्र केली ती त्यापूर्वीच्या सवलतीच्या काळात. पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांवर जाणारा त्रिऔषधी उपचार सिप्लाने साडेतीनशे डॉलरांत देऊ केला, ही कथा सर्वश्रुत आहे. मला त्या गोळीच्या घडणीचे कुतूहल अधिक.

गोळ्या सुट्या असल्या की, पानातला नावडता पदार्थ बाजूस सारावा तशी रोगी मळमळ आणणारी गोळी वगळतो, आणि उरलेल्या एकदोन औषधांशी झगडता झगडता विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. एकत्र गोळीत ही निवड उरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण वैद्याचीही निवड त्याबरोबर जाते. नेव्हिरापीनने अंगावर पुरळ उठण्याचा व यकृतास अपाय होण्याचा संभव असल्याने पहिले चौदा दिवस ते दिवसातून एकदाच द्यावयाचे, बाकीची दोन मात्र दोनदा. म्हणजे ‘सकाळ-संध्याकाळ एक’ हे सुटसुटीत फर्मान आरंभीच निरुपयोगी! तेव्हा त्या पंधरवड्यापुरती एका वेळेस त्रयीची गोळी आणि दुसऱ्या वेळेस नेव्हिरापीनविरहित जोडगोळी अशी तजवीज करावी लागली. शिवाय स्टॅव्ह्युडीनची मात्रा रोग्याचे वजन साठ किलोंच्या आत की बाहेर यावर बदलत असल्याने ट्रायोम्यूनही तीस आणि चाळीस मिलिग्रॅम अशा दोन प्रकारची निघाली.

उपचार थांबविण्याची गोष्ट याहून नाजूक. तिन्ही औषधे एकाच क्षणी बंद केली तरी ती एकाच वेळी शरीराबाहेर पडत नाहीत. नेव्हिरापीन कित्येक दिवस रक्तात रेंगाळते आणि तेवढा काळ विषाणूसमोर एकटेच उभे राहते. म्हणून गोळी बंद केल्यावरही उरलेली दोन औषधे सुमारे आठवडाभर सुटी चालू ठेवावी लागत, आणि ज्या रोग्याच्या घरी केवळ एकत्र गोळीचीच बाटली असे त्याच्यासाठी ती त्या वेळी मुद्दाम निराळी मागवावी लागत.