दारी आलेली प्रश्नावली

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भालकी तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आरोग्य सर्वेक्षणासाठी एक तरुणी आली होती. तिचे प्रश्न कन्नडमधून, माझी आई मराठी बोलणारी; त्यात रक्तदाब मोजायचा आणि बोट टोचून रक्ताचा थेंबही द्यायचा. आईने मला दवाखान्यात फोन केला. बाहेर रुग्णांची रांग होती. ‘‘नको म्हणून सांग,’’ एवढे बोलून मी फोन ठेवला. पुढे सात-आठ महिन्यांनी आईला पक्षाघाताचा झटका आला. तिला उच्च रक्तदाब आहे, हे डॉक्टर मुलाला तेव्हा कळले! त्या दिवशी मी एका तपासणीला नकार दिला होता, ही बोचणी आजही जात नाही.

सर्वेक्षण म्हणजे सरकारी कागद भरणे, असा आपला समज असतो. वास्तविक त्यामागे काटेकोर शास्त्र आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 मध्ये सुरू झाले. 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून त्यात जिल्हानिहाय आकडे मिळू लागले. 2019-21 च्या पाचव्या फेरीत निवडलेल्या प्रत्येक गावातून वा वस्तीतून साधारण 22 घरे चिठ्ठी टाकावी तशी निवडली गेली. एखाद्या घराने नकार दिला, तर त्याऐवजी शेजारचे घर घेता येत नाही. म्हणजे बंद झालेले दार त्या जिल्ह्याच्या चित्रातून कायमचे पुसले जाते.

विचारल्याने काय साधते, हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. मुकाट्याने सोसलेले दुखणे त्या स्त्रियांच्या सहभागामुळे जगासमोर आले.

आपला सीमाभाग 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या वारशात होता. नंतर राज्याच्या कडेला राहिला. 2012 च्या घटनादुरुस्तीने 371-जे कलम आले, ते या भागाचे मागासलेपण मान्य करूनच. औराद, बसवकल्याण, आळंद येथील मराठी माउली प्रश्न न समजल्यामुळे गप्प राहिली, तर तिच्या व्यथेची नोंद होणार कोठे? नोंद नसेल, तर निधी व औषधे कशाच्या आधारे मागायची?

व्यवसायबंधूंनो, आपला शब्द गावात मानला जातो. सर्वेक्षक येणार असल्याचे कळताच रुग्णांना विश्वासात घ्यावे, गरज पडल्यास दुभाष्या द्यावा. नागरिकांनीही ओळखपत्र पाहावे, हेतू विचारावा, माहिती गुप्त राहील ना याची खात्री करून घ्यावी. एखादा प्रश्न नको वाटला तर तो टाळण्याचा आणि संपूर्ण नकार देण्याचाही अधिकार आपल्याला आहे. मात्र नकार विचारपूर्वक असावा. माझ्यासारखा घाईतला नसावा.

आई आता काठी टेकत अंगणात येते. मध्यंतरी आशाताई वही घेऊन आल्या, तेव्हा तिने स्वतःच खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, ‘‘विचार बाई, काय विचारायचं ते.’’