पंचगंगेच्या पायऱ्या आणि रक्तवाहिन्यांचे वय

शस्त्रक्रियेच्या आधी, शस्त्रक्रियेच्या नंतर : लेखांक 6

पंचगंगा म्हटले की आपल्याला आधी कोल्हापूर आठवते. आजच्या लेखांकातला पंचगंगा घाट मात्र काशीचा. मराठी माणसाला तोही परका नाही. अहिल्याबाई होळकरांचा हजारा दीपस्तंभ तिथे आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे, आणि शेजारच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. कार्तिकात इथे बांबूंच्या टोकाला आकाशदिवे लागतात, यात्रेकरूंची रीघ लागते, आणि त्यात साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ असतात.

घाटाच्या पायऱ्या उंच आणि उभ्या. स्नानाला उतरताना कोणाचे काही बिघडत नाही. बिंदुमाधवाच्या दर्शनाला वर चढू लागले की माणसे वेगवेगळी होतात. कोणी बोलत बोलत चढून जातो. कोणी पाच-दहा पायऱ्यांवर कमरेला हात लावून उभा राहतो. कोणाच्या पोटऱ्या भरून येतात. तो दोन मिनिटे टेकतो, कळ थांबते, पुन्हा चढू लागला की पुन्हा तीच कळ. मोठ्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला रुग्णाबद्दल जे जाणून घ्यायचे असते, त्यातले बरेचसे या चढणीवर उघड्यावर दिसते.

गेल्या आठवड्यात आपण ‘फिटनेस’च्या कागदाबद्दल बोललो. ईसीजी, टू डी इको, छातीचा एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि खाली फिजिशियनची सही. यातली प्रत्येक तपासणी माणूस स्वस्थ पडून असताना केलेली असते. शस्त्रक्रियेनंतरचे आठ-दहा दिवस मात्र शरीराला स्वस्थता नसते. जखम भरायची असते, सूज आलेली असते, वेदनेमुळे नाडी जलद चालते, रक्त गोठण्याकडे झुकते. पेशींची प्राणवायूची मागणी वाढते आणि ती दिवसचे दिवस वाढलेली राहते. ती पुरवायची कोणी? हृदयाने आणि रक्तवाहिन्यांनी. हृदयाची चौकशी आपण करतो. रक्तवाहिन्यांची सहसा करत नाही.

निरोगी धमनीच्या आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्ताचा प्रवाह वाढला की हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो आणि धमनी रुंदावते. धमनी रुंदावण्यासाठी हे आतले अस्तर शाबूत लागते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये दाखवले; पुढे 1998 मध्ये त्यांना, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना याच शोधमालिकेसाठी नोबेल मिळाले. मधुमेह, तंबाखू, वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब यांनी आधी बिघडते ते हे अस्तर. कोरोनरी धमनीत अडथळा दिसू लागण्याच्या कितीतरी आधी ते बिघडलेले असते, आणि ॲन्जिओग्राफीत ते दिसत नाही.

दुसरा बिघाड धमनीच्या भिंतीतला. तरुण महाधमनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हळूहळू आकसून रक्त पुढे ढकलत राहते. वयाबरोबर तिच्यातले लवचीक तंतू झिजतात, कॅल्शियम साचते, आणि ती उन्हात पडून कडक झालेल्या रबरी नळीसारखी होते. मग नाडीची लाट तिच्यातून वेगाने धावते. मानेपासून जांघेपर्यंत हा वेग मोजता येतो. सेकंदाला 10 मीटरच्या वर गेला तर धमनी ताठरली असे समजतात. हा वेग मोजणारे यंत्र सगळीकडे मिळत नाही, पण ताठरपणाची ढोबळ खूण घरच्या बीपीच्या मशीनवर दिसते. वरचा आकडा 170 आणि खालचा 70 असेल तर पुष्कळ लोक ‘खालचा तर नॉर्मल आहे’ म्हणून निश्चिंत होतात. निश्चिंत होण्यासारखे त्यात काही नाही. या दोन आकड्यांतले 100 चे अंतर हीच ताठरपणाची खूण. बायपासच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत हे अंतर जास्त असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडाचे आणि मेंदूचे त्रास अधिक झाल्याचे आढळले आहे.

असे का व्हावे? भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो. लवचीक धमन्यांचा माणूस हा उतार सावरून घेतो. ताठर धमन्यांच्या माणसाचा खालचा दाब मुळातच कमी, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते बहुतांशी दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, त्याच खालच्या दाबावर. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना सरासरी दाब 65 च्या खाली फार वेळ जाऊ नये याकडे भूलतज्ज्ञ डोळ्यांत तेल घालून पाहतात. जुना रक्तदाबाचा रुग्ण असेल तर 65 देखील त्याला कमी पडू शकतो.

आता काशीकडे परत. सुश्रुताच्या परंपरेचे मूळ काशीतले, काशिराज दिवोदास हा त्याचा गुरू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पस्तिसावा अध्याय आहे, आतुरोपक्रमणीय नावाचा. उपचाराआधी रुग्णात काय काय पाहावे याची त्यात यादी आहे: वय, देह, बल, सत्त्व, प्रकृती, ऋतू, देश वगैरे. बळाच्या संदर्भात तिथे एक मार्मिक गोष्ट येते. काही कृश माणसे बळकट असतात आणि काही स्थूल माणसे दुबळी, तेव्हा वैद्याने बळाचा अंदाज व्यायामावरून, म्हणजे श्रमावरून बांधावा. यावरून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा ढोल वाजवण्याचे कारण नाही. रक्त शरीरात गोल फिरते हे सुश्रुताला माहीत नव्हते. ते विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये मांडले. पण अंगकाठी पाहून बळ ठरवू नये, हा इशारा आजच्या रुग्णालयांनाही लागू पडतो आणि त्याला पुरावा आहे.

कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 25 रुग्णालयांत 1401 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून त्याच्या क्षमतेचा अंदाज करायचा, आणि तो प्रत्यक्ष सायकलवरच्या चाचणीशी ताडून पाहायचा. दोन मजले चढण्याइतकी क्षमता ज्यांच्यात नव्हती अशा शंभरांपैकी जेमतेम 19 जण डॉक्टरांच्या अंदाजाने ओळखता आले. बाकीचे ‘ठीक’ वाटले! त्याच अभ्यासात 12 साध्या प्रश्नांची एक जुनी प्रश्नावली अधिक उपयोगी ठरली. एक जिना न थांबता चढता का, घरातले जड सामान हलवता का, थोडे अंतर धावता का, असे प्रश्न. त्यावरून काढलेल्या गुणांचा 30 दिवसांतल्या मृत्यूशी आणि हार्ट अटॅकशी संबंध दिसला. डॉक्टरांच्या अंदाजाचा दिसला नाही.

जिना हेच मोजमाप मानणारे अभ्यासही आहेत. फुप्फुसाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला चढायला लावतात आणि किती उंची गाठली ते मीटरमध्ये मोजतात. 640 रुग्णांच्या एका इटालियन अभ्यासात 12 मीटरही न चढू शकलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण 22 मीटर चढणाऱ्यांच्या सुमारे 13 पट निघाले. जिना चढताना हृदय, फुप्फुसे, धमन्या आणि स्नायू यांची एकदमच परीक्षा होते, म्हणून हा आकडा इतका बोलका आहे.

पण आपल्याकडे एक मोठी अडचण आहे: गुडघे. गुडघा बदलायला आलेल्या आजींना ‘जिना चढता का’ विचारून काय कळणार? त्या गुडघ्यासाठीच आलेल्या असतात. गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षे चालणे थांबलेले असते, म्हणून छातीत दुखत नाही आणि दम लागत नाही, आणि घरचे सांगतात, ‘हृदयाचा काही त्रास नाही.’ त्रास आहे की नाही हे पाहण्याइतका ताण हृदयावर कधी आलेलाच नसतो. अशा वेळी हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी कामाची. आणि पायाच्या घोट्याचा व दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर तर कोणत्याही दवाखान्यात काढता येते. ते 0.9 च्या खाली असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, आणि बहुधा हृदयाच्याही. मधुमेहात मात्र कधीकधी कॅल्शियममुळे धमनी दाबलीच जात नाही आणि गुणोत्तर 1.4 च्या वर जाते. तो आकडा चांगला समजू नये.

शस्त्रक्रियेनंतर होणारी हृदयाची इजा बहुतेक वेळा मुकी असते. 45 वर्षांवरच्या, हृदयाव्यतिरिक्त अन्य शस्त्रक्रिया झालेल्या 15,065 रुग्णांच्या रक्तातले ट्रोपोनिन तपासले, तेव्हा 8 टक्क्यांमध्ये हृदयाच्या स्नायूला इजा झालेली आढळली. त्यांतल्या 84 टक्क्यांना छातीत दुखण्यासारखे एकही लक्षण नव्हते. वेदनाशामकांखाली ते कसे जाणवणार? इजा झालेल्यांपैकी जवळपास 10 टक्के 30 दिवसांत दगावले, न झालेल्यांपैकी सुमारे 1 टक्का.

मग आधीच स्टेंट टाकून घ्यावा का? हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, आणि सल्लाही सढळ हाताने मिळतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी स्टेंट किंवा बायपास करून घेतलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना पुढील काही वर्षांत जगण्याचा जास्त लाभ झाला नाही. शिवाय स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू राहतात आणि मूळ शस्त्रक्रियाच लांबते. ठोके मंदावणारी गोळी ऐनवेळी सुरू करण्याचा प्रयोगही झाला. 2008 च्या त्या चाचणीत हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. अशी गोळी आधीपासून चालू असेल तर मात्र ती स्वतःहून बंद करू नये.

उपयोग होतो तो कंटाळवाण्या गोष्टींचा. शस्त्रक्रियेला चार आठवडे किंवा जास्त अवकाश असताना धूम्रपान सोडले तर जखमेचे आणि छातीचे त्रास कमी होतात. मिश्री आणि तंबाखूची गोळी यांतून धूर निघत नसला तरी निकोटीन रक्तात जातेच. रोज चालणे, साखर आणि दाब आटोक्यात आणणे, यासाठी तारीख थोडी पुढे ढकलता येत असेल तर ढकलावी. कर्करोगाच्या किंवा तातडीच्या शस्त्रक्रियेत तेवढी सवलत नसते.

वाचकांना एकच विनंती. भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा आईवडिलांच्या वतीने ‘सगळे व्यवस्थित आहे’ असे उत्तर देऊ नका. गेल्या महिन्यात किती पायऱ्या चढल्या, कुठे थांबले, थांबले ते दमाने, छातीत भरून आल्याने की पोटऱ्यांच्या कळेने, हे त्यांना स्वतः सांगू द्या. आणि शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस ट्रोपोनिन तपासणार का, हे विचारून ठेवा.